सिम्युलेशनमध्ये ९९.९९९, यंत्रावर ९९.२: ट्रान्समॉनच्या पल्स कशा बसवायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम.टेक. करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सची बैठक असलेल्या विद्यार्थ्याने सुपरकंडक्टिंग ट्रान्समॉन क्युबिटसाठी (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाचा हा एक प्रकार) ग्रेप पद्धतीने, म्हणजे संगणकाकडून पल्सचा आकार तुकड्यातुकड्याने सुधारून घेऊन, १० नॅनोसेकंदांची पाय-पल्स तयार केली: क्युबिटला शून्यावरून एकवर पलटवणारा मायक्रोवेव्हचा झटका. सिम्युलेशनमध्ये तिची फिडेलिटी, म्हणजे अचूकता, ९९.९९९ टक्के आली. तीच पल्स खऱ्या यंत्रावर चढवली तेव्हा ९९.२ टक्के मिळाले. ३० नॅनोसेकंदांची साधी गॉसियन (घंटेच्या आकाराची) पल्स तिच्यापेक्षा सरस ठरली. आता ऑप्टिमायझर, म्हणजे आकार शोधणारा प्रोग्राम, बदलावा का, मशीन लर्निंग लावावं का, आणि या कामात पुढे जायचं तर काय शिकावं, हे तीन उपप्रश्न आहेत.

ऑप्टिमायझर बदलू नका. त्याला दिलेलं काम त्याने चोख केलं आहे. अडचण अशी की त्याला कागदावर दिलेलं यंत्र आणि फ्रिजच्या तळाशी १०-२० मिलिकेल्विनला बसलेलं यंत्र एकच नाही. या क्षेत्रात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीचा वेळ पल्सचा आकार शोधण्यात घालवतो. खरं काम असतं ते पल्स जनरेटरपासून क्युबिटपर्यंत जाताना त्या आकाराचं काय होतं हे मोजण्याचं. ते मोजून झालं की आकार बहुतेक वेळा साधाच पुरतो.

आधी हिशेब मांडू. समजा तुमच्या क्युबिटचा टी-वन (एकवरून शून्यावर घसरण्याचा काळ) आणि टी-टू (फेज टिकण्याचा काळ) दोन्ही १०० मायक्रोसेकंद आहेत. अशा क्युबिटवर निव्वळ ऱ्हासामुळे होणारी सरासरी चूक म्हणजे गेटच्या (पल्सने केलेल्या एका क्रियेच्या) वेळेला २०० मायक्रोसेकंदांनी भागून येणारा आकडा. ३० नॅनोसेकंदांना ती ०.०१५ टक्के होते, १० नॅनोसेकंदांना ०.००५ टक्के. म्हणजे पल्स तिपटीने आखूड करून तुम्ही जास्तीत जास्त ०.०१ टक्का कमावणार होतात, आणि गमावलेत ०.८ टक्के. हा तोटा ऱ्हासाचा असूच शकत नाही. तो नियंत्रणाचा आहे.

मग कशाचा? फिरकी ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त झाली तर चूक त्या कोनाच्या वर्गाच्या एक षष्ठांश असते, कोन रेडियनमध्ये धरून. पाय-पल्सची उंची एक टक्क्याने चुकली तर कोन ०.०३१ रेडियनने चुकतो आणि फिडेलिटी फक्त ०.०१६ टक्क्याने घटते. उलट ०.८ टक्क्यांची घट निव्वळ उंचीच्या चुकीने आणायची तर उंची सात टक्क्यांनी चुकायला हवी. तुम्ही राबी (पल्सची उंची बदलत क्युबिट किती फिरतो ते पाहणारा प्रयोग) मोजून उंची बसवली असेल तर इतकी चूक होत नाही. तेव्हा माझा संशय दोन ठिकाणी आहे: तिसऱ्या पातळीत, म्हणजे शून्य आणि एकच्या वरच्या ‘दोन’मध्ये, होणारी गळती, आणि वाटेत बिघडलेला आकार. १० नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये हे दोन्ही हातात हात घालून येतात.

ट्रान्समॉन ही येल विद्यापीठातल्या गटाची २००७ मधली रचना. विद्युतभाराच्या गोंगाटापासून क्युबिट वाचवण्यासाठी त्यांनी किंमत मोजली ती ॲनहार्मोनिसिटीत, म्हणजे लागोपाठच्या दोन संक्रमणांच्या वारंवारतांमधल्या फरकात. शून्य-एक संक्रमण ५ गिगाहर्ट्झच्या आसपास असेल तर एक-दोन संक्रमण त्याच्या खाली जेमतेम २०० ते ३०० मेगाहर्ट्झवर असतं. पल्स जितकी आखूड, तितका तिचा स्पेक्ट्रम रुंद, आणि त्याची शेपटी एक-दोन संक्रमणापर्यंत पोचते. ५ नॅनोसेकंद सिग्मा असलेल्या गॉसियनचा स्पेक्ट्रम सुमारे ३२ मेगाहर्ट्झ सिग्माचा असतो. २५० मेगाहर्ट्झवर त्यात काहीच उरत नाही. मात्र ही गॉसियन तुम्ही दोन सिग्मांवर कापता, तेव्हा टोकाला तिची उंची अजून शिखराच्या साडेतेरा टक्के असते. तिथे एकदम शून्यावर उडी मारली की ती उडीच रुंद स्पेक्ट्रम तयार करते. म्हणून टोकाची उंची सगळीकडून वजा करून पल्स शून्यावरून सुरू होईल आणि शून्यावर संपेल असं करायचं. ही एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि ती न केलेला कोड मी आजही पाहतो.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये किती पातळ्या होत्या हे प्रश्नात आलेलं नाही. दोनच असतील तर ९९.९९९ या आकड्याला काही अर्थ नाही, कारण गळती दाखवायला तिथे जागाच नव्हती. किमान चार पातळ्या घ्या.

आता वाट, म्हणजे जनरेटरपासून क्युबिटपर्यंतचा मार्ग. ग्रेप ही पद्धत २००५ मध्ये एनएमआरसाठी (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांचा रेडिओलहरींनी अभ्यास) आली. तिच्या मूळ लेखकांतले नवीन खनेजा पुढे आयआयटी मुंबईत शिकवू लागले. एनएमआरमध्येही कॉइल पल्सचा आकार बदलतेच. पण तिथल्या पल्स मायक्रोसेकंदांत मोजायच्या असतात आणि नेहमीच्या (अर्ध्या स्पिनच्या) अणुकेंद्रकाच्या फिरकीला दोनच पातळ्या असतात, म्हणून ती चूक सांभाळून घेता येते. आपल्याकडे सगळा खेळ नॅनोसेकंदांचा. तुमच्या ग्रेपने १० नॅनोसेकंदांचे शंभर तुकडे केले असतील, म्हणजे एकेक तुकडा ०.१ नॅनोसेकंदाचा. सेकंदाला एक अब्ज नमुने देणारा जनरेटर त्या वेळात दहाच नमुने देतो. तेही त्याच्या ॲनालॉग बँडविड्थमधून गोल होऊन बाहेर पडतात. सिम्युलेशनने शोधलेली सगळी टोकदार नक्षी पहिल्या पायरीलाच पुसली गेली. पुढे मिक्सर, केबल, ॲटेन्युएटर, फिल्टर, आणि मग चिप.

केबलचंच उदाहरण घ्या. वाटेत एकमेकांपासून एक मीटरवर दोन जोड आहेत आणि प्रत्येकी दहा टक्के अँप्लिट्यूड परत फेकतो, असं समजा. केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण २१ सेंटिमीटर जातो. दोन्ही जोडांवर आपटून पुन्हा पुढे निघालेला प्रतिध्वनी मूळ पल्सच्या एक टक्का उंचीचा असतो आणि सुमारे साडेनऊ नॅनोसेकंद उशिरा क्युबिटवर पोचतो. ३० नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये त्याचा बराचसा भाग त्याच पल्सच्या पोटात जिरतो आणि उंचीच्या कॅलिब्रेशनमध्ये भरून निघतो. १० नॅनोसेकंदांच्या पल्सला तो जवळजवळ पूर्ण पुढच्या पल्सवर चढतो. म्हणजे गेटची चूक आता आधी कोणता गेट झाला यावर अवलंबून राहते. एकटी पल्स तपासून हे कधीच दिसणार नाही. गेटची मालिका चालवली की उघडं पडतं.

मिक्सर (कमी वारंवारतेचा सिग्नल लोकल ऑसिलेटरच्या मदतीने वर चढवणारा भाग) वापरत असाल तर एक गोष्ट आजच तपासा. समजा क्युबिट ५.००० गिगाहर्ट्झवर आणि ॲनहार्मोनिसिटी उणे २२० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक-दोन संक्रमण ४.७८० वर. लोकल ऑसिलेटर ४.९०० वर ठेवून तुम्ही १०० मेगाहर्ट्झ वर चढवून सिग्नल बनवताय. मिक्सर कधीच आदर्श नसतो. त्याची प्रतिमा-बाजू (ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला पडणारी सिग्नलची नको असलेली नक्कल) ४.८०० वर उमटते, म्हणजे एक-दोन संक्रमणापासून फक्त २० मेगाहर्ट्झ दूर. शिवाय ऑसिलेटरची स्वतःची गळती ४.९०० वर सतत चालू असते, आणि शून्यावरून थेट दोनवर नेणारं दोन-फोटॉन संक्रमण ४.८९० वर आहे. दोन्ही नको ते सूर दोन्ही नको त्या जागांच्या शेजारी येऊन बसले. ऑसिलेटर ५.१०० वर न्या. प्रतिमा ५.२०० वर जाते, दोन्ही संक्रमणांपासून लांब. त्यानंतर स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून डीसी ऑफसेट, दोन वाहिन्यांच्या उंचीतला फरक आणि त्यांच्या फेजमधला फरक यांची जुळणी करा. थेट डिजिटल पद्धतीने गिगाहर्ट्झ सिग्नल बनवणारी आरएफ-एसओसी कार्डं वापरली तर मिक्सरची ही कटकट बरीच संपते. फर्मिलॅबच्या नेतृत्वाखाली तयार झालेली क्विक ही खुली प्रणाली अशाच कार्डांवर चालते. तुमच्यासारख्या एफपीजीए (हवं तसं सर्किट प्रोग्राम करता येणारी चिप) येणाऱ्या माणसाने ती आधी उघडून वाचावी.

आता प्रत्यक्ष जुळवणी. मी ती कशी करतो ते क्रमाने सांगतो, कारण पाठ्यपुस्तकं हा भाग दोन ओळींत उरकतात.

पहिल्यांदा स्पेक्ट्रोस्कोपी, मग ढोबळ राबी. मग रॅमसे (दोन अर्ध्या पल्सच्या मधे थांबून फेज किती सरकते ते पाहणं) करून वारंवारता पक्की. मग उंचीचं बारीक कॅलिब्रेशन. इथे मोजमापाची मर्यादा समजून घ्या. एक प्रयोग हजार वेळा केला तर मिळणाऱ्या संभाव्यतेत साधारण १.६ टक्क्यांची अनिश्चितता राहते. क्युबिट अर्ध्यावर आणून, म्हणजे वक्राचा उतार सगळ्यात जास्त असेल तिथे मोजलं, तरी कोनातली अनिश्चितता ०.०३२ रेडियन, म्हणजे उंचीतला एक टक्का. त्यापेक्षा बारीक चूक एका पल्सने दिसणारच नाही. म्हणून अर्ध्यावर आणणाऱ्या पल्सनंतर पन्नास पाय-पल्स ओळीने द्या. कोनाची चूक प्रत्येक पल्सला साचत जाते, पन्नासपट होते, आणि तेवढ्याच हजार मोजण्यांत तुम्हाला उंची ०.०२ टक्क्यापर्यंत कळते. पन्नास पल्सना ३० नॅनोसेकंदांप्रमाणे दीड मायक्रोसेकंद लागला. १०० मायक्रोसेकंदांच्या क्युबिटला ते काहीच नाही. चूक साचू द्यायची आणि मग वाचायची, हे तत्त्व पुढच्या प्रत्येक पायरीला लागू आहे. रीडआउटची, म्हणजे क्युबिटची अवस्था वाचण्याची, स्वतःची एक-दोन टक्के चूक त्यामुळे आड येत नाही.

यानंतर ड्रॅग. २००९ मध्ये मोत्झोई, गॅम्बेटा, रेबेनट्रोस्ट आणि विल्हेल्म यांनी मांडलेली ही युक्ती आजही बहुतेक प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. मुख्य एन्व्हलपचा, म्हणजे पल्सच्या बाह्य आकाराचा, काळाशी डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, ॲनहार्मोनिसिटीने भागायचा आणि ९० अंश फेजच्या दुसऱ्या वाहिनीवर द्यायचा. त्याने एक-दोन संक्रमणाच्या जागी स्पेक्ट्रममध्ये खाच पडते. ड्रॅगचा गुणक मात्र नीट समजून बसवायला हवा. तिसरी पातळी पल्स चालू असताना क्युबिटची वारंवारताही किंचित सरकवते आणि त्यातून फेजची चूक येते. साध्या सिद्धान्तात गळती किमान होते गुणक १ ला, फेजची चूक किमान होते गुणक ०.५ ला. एकाच गुणकाने दोन्ही साधत नाही. पाय आणि उणे पाय अशा जोड्या वारंवार देऊन गुणक शोधण्याची जी प्रचलित रीत आहे, ती फेजची चूक वाचते. म्हणून तुमचं उत्तर ०.५ च्या आसपास येईल आणि गळती तशीच राहील. ३० नॅनोसेकंदांना हे चालून जातं, कारण गळती मुळातच नगण्य असते. १० नॅनोसेकंदांना चालत नाही. तेव्हा गुणक गळतीसाठी बसवा आणि फेजसाठी पल्सला थोडं डिट्यूनिंग द्या, म्हणजे तिची वारंवारता क्युबिटच्या वारंवारतेपासून किंचित सरकवा. २०१६ मध्ये गूगल आणि सांता बार्बराच्या गटाने हे प्रयोगाने नीट वेगळं करून दाखवलं आहे. गळती पाहायची तर रीडआउट तिसरी पातळी ओळखणारं करावं लागतं. ते टाळू नका. एरर करेक्शनच्या दृष्टीने साध्या चुकीपेक्षा गळती जास्त घातक आहे, कारण दोन नंबरच्या पातळीत अडकलेला क्युबिट पुढच्या कित्येक फेऱ्या शेजाऱ्यांना बिघडवत राहतो.

ही सगळी बटणं एकमेकांत गुंतलेली आहेत. तबला लावताना एका घरावर हातोडी मारली की समोरचं घर हलतं, तसं ड्रॅगचा गुणक हलवला की वारंवारता हलते, वारंवारता हलवली की उंची. म्हणून एक फेरी पुरत नाही. उंची, गुणक, डिट्यूनिंग, पुन्हा उंची. दोन-तीन फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. नाही स्थिरावले तर समजा की आकारच वाटेत बिघडतोय, आणि मागे जाऊन केबल तपासा.

शेवटी ऑल-एक्सवाय. येलमधून आलेली ही चाचणी म्हणजे गेटच्या २१ जोड्या. त्यांची आदर्श उत्तरं पायऱ्यांसारखी दिसतात: पहिली पाच शून्यावर, मग बारा अर्ध्यावर, शेवटची चार एकवर. उंची चुकली तर पायऱ्या एका तऱ्हेने वाकतात, डिट्यूनिंगने दुसऱ्या, ड्रॅगच्या चुकीने तिसऱ्या. सरावलेला माणूस आलेख पाहून निदान सांगतो. मला ही चाचणी फार प्रिय आहे. मिनिटाभरात होते, आणि आकड्यापेक्षा जास्त बोलते. रॅन्डमाइज्ड बेंचमार्किंग (गेटच्या यादृच्छिक मालिका चालवून सरासरी चूक काढणं) चूक किती हे सांगतं, कुठली ते सांगत नाही. तुमच्या ९९.२ टक्क्यांबरोबर ऑल-एक्सवायचा आलेख असता तर माझं निम्मं उत्तर लिहावं लागलं नसतं.

एक-क्युबिट गेटचे तीन अक्ष असले तरी झेड अक्षाची फिरकी पल्सने द्यायची नाही. पुढच्या पल्सची फेज सॉफ्टवेअरमध्ये सरकवली की काम झालं. ना वेळ, ना चूक. हे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून पुढे जातो.

मग ग्रेप आणि त्याची भावंडं कशाला? त्यांची खरी जागा आहे, आणि ती दाखवणारे दोन प्रयोग सांगतो. २०१४ मध्ये सांता बार्बराच्या गटाने बेंचमार्किंगच्या ठरावीक लांबीच्या मालिकेची फिडेलिटी हीच किंमत धरली, आणि नेल्डर-मीडसारख्या साध्या शोधाने गेटचे आकडे थेट यंत्रावर सुधारले. मॉडेल मधून काढूनच टाकलं. दुसरा प्रयोग २०२१ चा, आयबीएमच्या झुरिक गटाचा सारलँड विद्यापीठासोबत. पल्सचे तुकडे त्यांनी जनरेटरच्या नमुन्यांशी जुळणारे घेतले, म्हणजे यंत्र जे देऊ शकतं तेवढंच मागितलं. सीएमए-ईएस हा पिढीमागून पिढी उमेदवार सुधारत जाणारा शोध यंत्रावरच चालवून ४.१६ नॅनोसेकंदांची पल्स मिळवली. तिची फिडेलिटी ९९.७६ टक्के, गळती ०.०४४ टक्के. त्याच यंत्रावर तेवढ्याच लांबीच्या उत्तम ड्रॅग पल्सपेक्षा गळती सातपट कमी झाली. हे काम मला मोलाचं वाटतं, कारण ऑप्टिमायझेशन नेमकं कुठे कामाला येतं हे त्यातून दिसतं: चार नॅनोसेकंदांना, जिथे ड्रॅगचा सिद्धान्त तुटायला लागतो तिथे. पण ९९.७६ हा आकडाही पाहा. ३० नॅनोसेकंदांची नीट बसवलेली ड्रॅग पल्स चांगल्या क्युबिटवर सहज ९९.९ च्या वर जाते. वेगाची गरज खरंच असेल तरच तिकडे जावं.

यंत्रावरच्या शोधाला वेळेचं बंधनही असतं. क्युबिट आपोआप शून्यावर यायची वाट पाहायची तर प्रत्येक वेळी टी-वनच्या पाचपट, म्हणजे ५०० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. हजार मोजण्यांना अर्धा सेकंद. एका उमेदवार पल्ससाठी वीस यादृच्छिक मालिका, एका पिढीत चाळीस उमेदवार, शंभर पिढ्या धरल्या तर अकरा तासांच्या वर जातात. तेवढ्या वेळात खोलीचं तापमान बदलतं, ॲम्प्लिफायरची वाढ हलते, आणि चिपवरचे द्विपातळी दोष (पदार्थातले, क्युबिटची ऊर्जा शोषणारे सूक्ष्म दोष) क्युबिटचा टी-वन वरखाली करतात. पहिल्या पिढीतली किंमत आणि शंभराव्या पिढीतली किंमत एका मापाची राहत नाही. म्हणून शोध लावण्याआधी क्युबिट सक्रियपणे रीसेट करण्याची सोय करा, आणि अधूनमधून तीच संदर्भ-पल्स मोजत राहा. सुरुवात ड्रॅगच्या बसवलेल्या उत्तरापासून करा; कोऱ्या पाटीवरून कधीच नको. आणि बटणं कमी ठेवा. पल्स थोड्याच लहरींच्या बेरजेने मांडणारी क्रॅब पद्धत यासाठी चांगली आहे, कारण मंद बदलणाऱ्या लहरीच घेतल्या की बँडविड्थची मर्यादा आपोआप पाळली जाते. ग्रेपच वापरायचं असेल तर जनरेटर आणि केबलचा मोजलेला प्रतिसाद त्याच्या आत घाला, म्हणजे ग्रेडियंट त्या फिल्टरमधून मागे जाईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला हे अवघड नाही.

दोन क्युबिटच्या गेटमध्ये वाटेचा प्रश्न आणखी तीव्र होतो. फ्लक्सने, म्हणजे चुंबकीय फ्लक्स बदलून, चालणाऱ्या सीझेड या दोन-क्युबिट गेटमध्ये एका ट्रान्समॉनची वारंवारता खाली आणून दोन्ही क्युबिट एकवर असलेली अवस्था आणि एक क्युबिट दोनवर असलेली अवस्था यांची गाठ घालतात. समजा वारंवारता ५०० मेगाहर्ट्झ खाली आणायची आहे आणि ती फ्लक्सच्या वर्गाने बदलते. फ्लक्समध्ये ०.१ टक्के चूक झाली तर वारंवारतेत १ मेगाहर्ट्झ, आणि ४० नॅनोसेकंदांच्या गेटमध्ये १४ अंशांची फेज-चूक. ती दरवेळी तेवढीच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वजा करता येते. पण फ्लक्स लाइनवरचा बायस-टी (स्थिर आणि वेगवान सिग्नल एकत्र करणारा जोड) आणि फिल्टर पल्स संपल्यावरही मायक्रोसेकंदांपर्यंत शेपटी सोडतात. आजची चूक मग मघाच्या गेटवर ठरते, आणि ती वजा करायला कुठला एक आकडा उरत नाही.

डेल्फ्टच्या गटाने यावर २०२० मध्ये क्रायोस्कोप नावाची रीत प्रसिद्ध केली. क्युबिटलाच ऑसिलोस्कोप करायचं. अर्ध्यावर आणा, फ्लक्स पल्स द्या, ती थोडी थोडी वाढवत प्रत्येक लांबीला साचलेली फेज मोजा. फेजचा काळाशी डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या क्षणी क्युबिटला प्रत्यक्ष पोचलेली वारंवारता, आणि तिच्यावरून फ्लक्स. एकदा खरा आकार हाती आला की त्याच्या उलट फिल्टर जनरेटरकडे बसवायचा. डिजिटल फिल्टरच्या दोन प्रकारांपैकी लांब शेपट्यांना आयआयआर, पहिल्या काही नॅनोसेकंदांना एफआयआर. त्याच गटाने आधी, २०१९ मध्ये, पल्सचे दोन अर्ध उलट चिन्हांचे ठेवून सरासरी शून्य केली होती. त्याने लांब शेपट्या आपसूक खोडल्या जातात. ही दोन कामं शेजारी ठेवून पाहिली तर मी काय म्हणतोय ते कळेल. कुठलाही नवा ऑप्टिमायझर नाही. वाट मोजली, आणि आकार असा निवडला की वाटेच्या चुकांना त्याचं फारसं काही बिघडवता येऊ नये.

स्थिर वारंवारतेच्या क्युबिटवरही हेच. आयबीएमच्या क्रॉस-रेझोनन्स गेटवर एका क्युबिटला शेजाऱ्याच्या वारंवारतेने छेडतात. २०१६ मध्ये तिथल्या गटाने त्या छेडण्यातून कोणकोणत्या अक्षांवर किती फिरकी होते ते आधी एकेक करून मोजलं. नको असलेल्या फिरकीला मारणारा दुसरा सूर लक्ष्य-क्युबिटवर दिला, आणि १६० नॅनोसेकंदांत ९९ टक्क्यांच्या वर फिडेलिटी मिळवली.

क्युबिटची संख्या वाढली की प्रश्नाचं रूप बदलतं. गूगलच्या २०१९ च्या सिकॅमोर यंत्रावर ५३ क्युबिट होते, एक-क्युबिट गेट २५ नॅनोसेकंदांचे, दोन-क्युबिट १२ नॅनोसेकंदांचे. तिथे एकेका पल्सच्या नक्षीपेक्षा कोणता क्युबिट कुठल्या वारंवारतेवर ठेवायचा हा निर्णय जड होता, कारण शेजाऱ्यांशी टक्कर, द्विपातळी दोष आणि फ्लक्सचा गोंगाट सगळं त्यावर ठरतं. त्यांचा स्नेक ऑप्टिमायझर हेच काम करतो. पल्सवर मेहनत घेण्याआधी तुमचा क्युबिट एखाद्या दोषाच्या शेजारी तर बसलेला नाही ना, हे तुम्हीही पाहा.

मशीन लर्निंगबद्दल. २०२१ मध्ये क्यू-सीटीआरएल या कंपनीच्या गटाने आयबीएमच्या यंत्रावर रीइन्फोर्समेंट लर्निंगने गेट घडवून दाखवले आहेत, तेव्हा ते चालतं यात वाद नाही. पण शिकणाऱ्या प्रणालीला मोजमापं लागतात, आणि वर पाहिलंत की मोजमापाला वेळ लागतो. आठ-दहा बटणांच्या कामात नेल्डर-मीड किंवा सीएमए-ईएस तुम्हाला तेवढंच देतील, आणि बिघडलं तर का बिघडलं हे समजेल. मोठ्या यंत्राचं रोजचं फेर-कॅलिब्रेशन, म्हणजे कुठलं बटण कधी पुन्हा तपासायचं हे ठरवणं, तिथे मला शिकणाऱ्या प्रणालींचं भविष्य जास्त दिसतं.

पुढे काय शिकावं, तर तुमचं शहर योग्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेला भारतातला सहा क्युबिटचा सुपरकंडक्टिंग प्रोसेसर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडला, टीआयएफआरच्याच रिंग-रेझोनेटर रचनेवर. त्याची नियंत्रण आणि मापन यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने बाजारातली उपकरणं आणि स्वतः प्रोग्राम केलेली डेव्हलपमेंट बोर्डं जोडून उभी केली, आणि क्लाउडचा भाग टीसीएसने केला. बोर्ड प्रोग्राम करून पल्स सोडणारी माणसं या देशात फार थोडी आहेत, आणि ६००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला ती लागणार आहेत. मायक्रोवेव्ह, एफपीजीए, फिल्टर डिझाइन हे तुमचे विषय कमी लेखू नका. क्वांटम मेकॅनिक्सचा लागणारा भाग चार पातळ्यांच्या एका मॅट्रिक्समध्ये मावतो. एक अडचण आहे: आयबीएमने २०२५ च्या सुरुवातीला आपल्या क्लाउड यंत्रांवरची पल्स-पातळीची सोय काढून घेतली, त्यामुळे घरबसल्या खऱ्या क्युबिटवर पल्स सोडून पाहण्याचा सोपा मार्ग बंद झाला. म्हणून प्रयोगशाळेत पाय ठेवण्याची मिळेल ती संधी घ्या. क्युबिटशिवायही आरएफ-एसओसी कार्ड, स्प्लिटर, दोन मीटर केबल आणि ऑसिलोस्कोप एवढ्यावर प्रतिध्वनी मोजून त्याचा उलट फिल्टर बसवता येतो. ते एकदा हाताने केलंत की या उत्तरातला अर्धा भाग तुमचा झाला.

तुमच्या ०.८ टक्क्यांकडे परत येतो. पुढचं लिहाल तेव्हा एवढं द्या: शून्य-एक आणि एक-दोन संक्रमणांच्या वारंवारता, टी-वन, टी-टू, ऑसिलेटर कुठे ठेवला आहे, जनरेटरचा नमुना-दर, सिम्युलेशनमधल्या पातळ्या, आणि १० व ३० नॅनोसेकंद अशा दोन्ही पल्सचे ऑल-एक्सवाय आलेख. शिवाय १० नॅनोसेकंदांच्या त्याच पल्स वापरून, दर दोन पल्सच्या मधे पाच-दहा नॅनोसेकंदांची मोकळी जागा सोडून बेंचमार्किंग पुन्हा करा. फिडेलिटी वाढली तर प्रतिध्वनी किंवा शेपटी; घटली किंवा तशीच राहिली तर गळतीकडे, आणि तिसरी पातळी वाचणाऱ्या रीडआउटकडे वळा.